घटक ४ : जुनी अद्भुतरम्य बालपुस्तके व बालनाट्याची साधने – संग्रह आणि कालनिर्णय

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास जुन्या बालपुस्तकाचा किंवा बालनाट्याच्या हस्तपत्रकाचा काळ अंतर्गत पुराव्यावरून ठरवता येईल व त्याची पद्धतशीर नोंद करता येईल.

४.२ प्रस्तावना

बालसाहित्य वापरातूनच नष्ट होते. मुले पुस्तक हाताळतात, त्यातील चित्रे रंगवतात. पुढे ते धाकट्या भावंडांकडे आणि अखेर रद्दीत जाते. म्हणूनच जे पुस्तक सर्वांत आवडते, त्याची प्रत अभ्यासकाला मिळणे सर्वांत कठीण असते. कोपर-डोंबिवली परिसरात जुन्या इमारतींचा पुनर्विकास होत असताना माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जातात. काय ठेवावे आणि काय टाकावे, हे तेव्हा घाईत ठरते. तो निर्णय जाणतेपणाने व्हावा, हे या घटकाचे प्रयोजन होय.

४.३ विषय विवेचन

(अ) साधनांची व्याप्ती : राक्षस, चेटकीण, राजकन्या यांच्या कथांची पुस्तके, तसेच 'आनंद' (१९०६) व मराठी 'चांदोबा' (१९५२) यांसारख्या मासिकांचे अंक ही मुद्रित साधने होत. नाटकाच्या बाबतीत मात्र छापील संहिता पुरेशी नसते. सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'ने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारली. २०१८ च्या नव्या प्रयोगात तीच भूमिका वैभव मांगले यांनी केली. संहिता तीच असली तरी चेटकिणीचा वेष, रंगभूषा आणि तिकिटाचे दर यांची माहिती छायाचित्रे, हस्तपत्रके व तिकिटे यांतूनच मिळते. प्रयोग संपल्यावर एवढाच पुरावा मागे उरतो.

(आ) कालनिर्णय : अनेक बालपुस्तकांवर प्रकाशनवर्ष नसते. अशा वेळी पुढील खुणा पाहाव्यात.

१. किंमत : किंमत केवळ आण्यांत असेल, तर छपाई बहुधा १९५७ पूर्वीची असते. 'नवे पैसे' हा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळाकडे निर्देश करतो.

२. पत्ता : प्रकाशकाच्या पत्त्यात सहा अंकी पिनकोड असल्यास ती प्रत १९७२ नंतरची असते.

३. लेखन : 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत सर्रास आढळतात. जुनी संहिता जशीच्या तशी पुन्हा छापली जात असल्याने ही खूण एकटी निर्णायक मानू नये.

४. वार व तारीख : समजा, एका हस्तपत्रकावर 'रविवार, २ ऑगस्ट' एवढेच छापले आहे. हा योग १९५३, १९५९, १९६४ व १९७० या वर्षी येतो. त्याच पत्रकावर तिकिटाचा दर नव्या पैशांत असेल, तर १९५९ हे वर्ष सर्वाधिक संभवते. दोन स्वतंत्र खुणा एकाच वर्षाकडे बोट दाखवतात, तेव्हाच निष्कर्ष भक्कम होतो.

(इ) जतन व नोंद : फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, ती कालांतराने पिवळी पडते व कागद खराब करते. नव्याने बांधणी करताना मासिकांची मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढू नयेत. मुलाने लिहिलेले नाव, शाळेचा बक्षिसाचा शिक्का, पेन्सिलीने रंगवलेले चित्र हे दोष नसून वाचनाचा पुरावा आहेत. वस्तू कोणाकडून, कोठून आणि केव्हा मिळाली, हे वेगळ्या कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवावे. या नोंदीअभावी मौल्यवान साधनही केवळ शोभेची वस्तू ठरते.

४.४ सारांश

संग्राहक दुर्मिळता पाहतो. अभ्यासक त्यासोबत संदर्भही जपतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) या आपल्या परिसरातील जुन्या संस्था आहेत. घरात सापडलेली प्रत अशा ग्रंथालयांतील प्रतींशी ताडून पाहिल्यास आपल्या नोंदीला बळकटी येते.

४.५ स्वाध्याय

१. 'नाटकाची संहिता म्हणजे नाटकाचा संपूर्ण पुरावा नव्हे.' सोदाहरण चर्चा करा.

२. क्षेत्रीय कार्य : घरातील किंवा शेजारील एक जुने बालपुस्तक, मासिकाचा अंक अथवा नाट्यपत्रक निवडा. किमान दोन खुणांच्या आधारे त्याचा काळ ठरवा व मालकाची आठवण जोडून १५० शब्दांत नोंद लिहा.