निद्रानाशाचे कारण आणि त्याचा निरोध
(अभ्यासपाठ)



अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात एक प्रसंग आहे. आळवी नगरीजवळच्या शिंशपावनात, गुरांच्या वाटेवर, पानांच्या अंथरुणावर तथागत बसले होते. हत्थक नावाचा उपासक फिरत फिरत तेथे आला आणि त्याने विचारले की, भगवंतांना रात्री सुखाने झोप लागली काय? तथागतांनी होकार दिला. हत्थकाला नवल वाटले. हिवाळ्याची रात्र, गुरांच्या खुरांनी टणक झालेली जमीन, पानांचा पातळ थर, अंगावर साधे चीवर आणि बोचरा वारा. अशा ठिकाणी झोप लागते कशी? तेव्हा तथागतांनी त्यालाच उलट प्रश्न केला. एखाद्या गृहपतीचा वारा न शिरणारा वाडा आहे, मऊ बिछाना आहे, उशा आहेत. परंतु त्याच्या मनात लोभ, द्वेष आणि मोह यांचा दाह पेटला आहे. तो सुखाने झोपेल काय? हत्थकाने कबूल केले की, नाही झोपणार.

हा प्रसंग नीट समजून घेतला पाहिजे. ज्याला झोप येत नाही तो लोभी किंवा दुर्गुणी आहे, असा याचा अर्थ नव्हे. कर्जाच्या, आजारपणाच्या, मुलाच्या नोकरीच्या चिंतेने जागा राहणारा माणूस दोषी नसतो, दुःखी असतो. शिवाय शरीराचीही काही कारणे असतात. आपण घ्यायचे ते एवढेच की, झोप बळजबरीने आणता येत नाही; ती ज्या कारणांनी अडते ती दूर करावी लागतात. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण गेले की दुःख जाते आणि ते घालविण्याचा मार्ग आहे. याच रीतीने आपण निद्रानाशाचा विचार करू.

१. जागरण वेगळे, निद्रानाश वेगळा

झोपायला वेळ आहे, जागा आहे, तरी झोप लागत नाही. किंवा मध्येच मोडते. किंवा पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही. आणि त्यामुळे दिवसा थकवा, चिडचिड, कामात चुका होतात. याला निद्रानाश म्हणतात. आठवड्यातून निदान तीन रात्री, आणि असे तीन महिने चालले, तर तो जुना निद्रानाश समजावा.

जागरण ही निराळी गोष्ट आहे. तेथे झोप येत असते, आपण ती घेत नाही. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण अभिमानाने सांगतो आणि विद्यार्थी त्यांचे अनुकरण म्हणून रात्र रात्र जागतात. परंतु त्यांच्या विद्यार्थिदशेतील गोष्ट पाहा. परळच्या चाळीतील एका खोलीत सगळे कुटुंब. भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. सुभेदार रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागून मुलाला उठवीत आणि मग स्वतः झोपत. म्हणजे त्या बापाने मुलाच्या अभ्यासाची काळजी घेतली, तशी त्याच्या झोपेचीही घेतली. वाचलेले मनात पक्के बसण्याचे काम बरेचसे झोपेतच होते. प्रौढ माणसाला साधारण सात तास किंवा थोडी अधिक झोप लागते. ती तोडून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

२. झोप येते कशी?

झोप आणणाऱ्या शक्ती दोन आहेत. पहिली म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे राहतो तितका मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साचतो आणि झोपेची ओढ वाढते. झोपलो की तो कमी होतो. दुपारी दोन तास झोपणाऱ्याने ही भूक अर्धवट भागविलेली असते. मग रात्री ताटावर बसून जेवण जात नाही, तशी त्याची गत होते. चहा-कॉफीतील कॅफिन याच ॲडिनोसिनची वाट अडविते. ते शरीरातून अर्धे कमी व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहाचा अर्धा अंमल रात्री अकराला शिल्लक असतो, तो असा.

दुसरी शक्ती म्हणजे शरीरातील घड्याळ. हे मेंदूत आहे आणि डोळ्यांवाटे आलेल्या प्रकाशाने रोज जुळविले जाते. या घड्याळाचे आतले काम उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळच्या उजेडाने हे घड्याळ वेळेवर राहते. रात्री उशिरापर्यंत दिवे आणि मोबाईल डोळ्यांपुढे असले की ते मागे पडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झोप सलग एकसारखी नसते. सुमारे दीड-दीड तासाची तिची आवर्तने होतात आणि दोन आवर्तनांच्या मध्ये क्षणभर जाग येणे स्वाभाविक आहे. उतारवयात गाढ झोप कमी होते आणि अशी जाग वाढते. म्हणून मध्येच जाग येणे हाच काही रोग नव्हे.

३. निद्रानाशाचा आहार

आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशाच्या कारणांचे तीन भाग सांगितले आहेत. पहिला, मुळातली प्रवृत्ती: काहींची झोप जन्मतःच सावध असते. दुसरा, निमित्त: घरातला मृत्यू, आजार, नोकरी जाणे, परीक्षा. तिसरा, त्याला पोसणारे कारण. हा तिसरा भाग आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

तेल आणि वात मिळते तोवर दिवा जळतो, हे आपण जाणतो. निद्रानाशाचेही तसेच आहे. निमित्त सहा महिन्यांपूर्वीच संपलेले असते, पण माणूस त्यात रोज तेल घालीत राहतो. रात्री झोप झाली नाही म्हणून तो सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी झोपतो, रात्री नऊलाच अंथरुणावर जातो. झोपेची भूक नसते, म्हणून कूस बदलीत पडतो. घड्याळ पाहतो: बारा वाजले, दोन वाजले, उद्याचे काम कसे होणार? हळूहळू अंथरूण आणि जागेपणा यांची गाठ बसते. ओट्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेणारा माणूस अंथरुणाला पाठ लावताच टक्क जागा होतो.

ही झोपेची तृष्णाच होय. झोप ही अशी वस्तू आहे की तिच्या मागे धावले की ती पळते.

४. मार्ग

निद्रानाशाला पोसणारे कारण काढून घेणे हाच मार्ग. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली यातील काही नियम मांडले, स्पीलमन यांनी १९८७ साली त्यांत मोलाची भर घातली. आणि २०१६ साली अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संघटनेने जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस केली. ते नियम असे:

(१) उठण्याची वेळ ठरवावी. रात्र कशीही गेली तरी, रविवारीसुद्धा, त्याच वेळी उठावे आणि उजेडात जावे.

(२) झोप डोळ्यांवर आली म्हणजेच आडवे व्हावे. थकवा म्हणजे झोप नव्हे.

(३) पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठावे. मंद उजेडात शांत बसावे. डोळे जड झाले की परत जावे. कितीही वेळा असे करावे लागले तरी करावे. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवावे.

(४) अंथरूण झोपेसाठीच ठेवावे. तेथे हिशेब, वाद, मोबाईल नको. आपल्या लहान घरांत सकाळी अंथरुणाची वळकटी करून ठेवण्याची रीत आहे. ही गरिबीची खूण समजून लाजू नये. झोपेच्या दृष्टीने ती उत्तम सवय आहे.

(५) दुपारची झोप बंद करावी. दुपारनंतर चहा टाळावा. तंबाखू, विडी, मिसरी यांतील निकोटिन मेंदूला जागे करते. निजताना मिसरी लावणाऱ्या माता-भगिनींनी हे ध्यानात घ्यावे.

(६) अंथरुणावरचा वेळ झोपेइतका करावा. उदाहरणार्थ, एक गृहस्थ रात्री नऊला पडतो आणि सकाळी सहाला उठतो. नऊ तासांत त्याला झोप मिळते सहा तास. त्याने साडेअकराला झोपावे आणि साडेपाचला उठावे. पहिले काही दिवस जड जातील, पण झोपेची भूक साचून झोप सलग होऊ लागेल. आठवडाभर त्या सहा तासांतील पाच तासांहून अधिक वेळ झोपेत गेला, तर पंधरा मिनिटे आधी झोपावे. असे हळूहळू वाढवावे. पाच तासांच्या खाली मात्र कधीही जाऊ नये. फेफरे किंवा तीव्र मानसिक आजार असणाऱ्यांनी, तसेच वाहन आणि यंत्र चालविणाऱ्यांनी हा सहावा नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

चिंतेसाठी संध्याकाळची वेळ राखून ठेवावी. वहीत लिहावे: चिंता कोणती, उद्या तिच्यासाठी काय करता येईल. झोपण्यापूर्वी थोडा वेळ मैत्री भावना करावी. मैत्रीचे जे अकरा लाभ तथागतांनी सांगितले, त्यांत सुखाने झोपणे आणि सुखाने जागे होणे हे अगदी आरंभी येतात. मात्र झोप आली का, हे तपासत भावना करू नये. तसे केले तर ती पुन्हा तृष्णाच झाली.

५. खोटे उपाय

झोपेसाठी थोडी घेतो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे. पण अंमल उतरू लागला की उत्तररात्रीची झोप तुकड्या-तुकड्यांची होते, घोरणे वाढते, आणि पुढे तेवढ्याच झोपेसाठी मात्रा वाढवावी लागते. पाचवे शील मोडूनही झोप मिळत नाही, ती नाहीच.

अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. त्यांची सवय लागते आणि वृद्ध माणसे रात्री उठताना पडतात. मात्र ज्यांच्या गोळ्या बरेच दिवस चालू आहेत त्यांनी एकदम सोडू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्यात.

तिसरा खोटा उपाय म्हणजे भगत, ताईत आणि अंगारा. जाग आली पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसले आहे, असा अनुभव काहींना येतो आणि घरचे बाहेरची बाधा समजतात. स्वप्नांच्या झोपेत शरीर सैल पडलेले असते. मन आधी जागे झाले आणि शरीर क्षणभर मागे राहिले की असे होते. ते थोड्याच वेळात आपोआप जाते. त्यात भूत नाही.

६. अडचणीच्या घरांत

एका खोलीत सहा माणसे असतील तर उठून बसायचे कोठे, असे कोणी विचारील. भिंतीला टेकून किंवा दारात बसले तरी चालते. आडवे पडून झगडणे थांबले पाहिजे, हे मुख्य. रात्रपाळीच्या माणसाने शेवटचे काही तास चहा टाळावा, घरी येताना ऊन डोळ्यांवर घेऊ नये आणि येताच अंधार करून झोपावे. घरच्यांनी त्याची दुपार ही त्याची मध्यरात्र समजावी. जी स्त्री सर्वांच्या नंतर झोपते आणि सर्वांच्या आधी उठते, तिचा तर बहुधा निद्रानाश नसतोच. तिची झोप घरानेच घेतलेली असते. तेथे उपाय तिच्यावर नव्हे, कामाच्या वाटणीवर करावयाचा आहे.

७. डॉक्टरांकडे केव्हा?

मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास थांबणे, रात्री पायांत वळवळ होऊन स्वस्थ पडू न देणे, दम किंवा दुखणे यांमुळे जाग येणे, अशा वेळी तपासणी करून घ्यावी. मन सतत उदास असेल, जगणे नको वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

धम्म 'या आणि पाहा' असे सांगतो. म्हणून यातील काहीही केवळ छापले आहे म्हणून मानू नका. दोन आठवडे वहीत टिपण ठेवा, नियम पाळा आणि स्वतः पाहा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. जागरण आणि निद्रानाश यांतील फरक सांगा. आपल्या घरात कोणाचे काय आहे?
२. निद्रानाशाचे निमित्त आणि त्याला पोसणारे कारण यांत भेद काय?
३. झोपेची तृष्णा झोप कशी घालविते?
४. आपल्या घरात सर्वांत कमी झोप कोणाला मिळते? ती वाढावी म्हणून बाकीच्यांनी काय करावे?