खाज थांबली, गजकर्ण नाही

माझ्या मुलीच्या जांघेत फिकट जांभळ्या चिरा आहेत. गरोदरपणात बाईच्या पोटावर उमटतात तशा. त्या उठल्या तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आधी झालेला रोग बुरशीचा होता, पण चिरा मी दिलेल्या ट्यूबमुळे आल्या. रंग उतरत जाईल, पुसल्या मात्र जाणार नाहीत, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी चिंचवडला पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे पाचला तव्यासमोर उभी राहिले की परकराची नाडी घामानं जी भिजते ती रात्रीपर्यंत ओलीच. तीन वर्षांपूर्वी आषाढात त्या नाडीखाली रुपयाएवढा तांबडा चट्टा उठला. कड उचललेली, बारीक पुटकुळ्यांची; मधली कातडी बरी झाल्यासारखी. खाज इतकी की पिठाच्या हातानं खाजवायची. गजकर्ण आहे हे मलाही कळत होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलानं चट्टा बघितला नाही, काही विचारलं नाही. "ही लावा ताई, दोन दिवसांत फरक पडेल," म्हणाला.

फरक पडला. दुसऱ्या रात्री शांत झोपले. आठवड्यात तांबूसपणा गेला, ट्यूब बंद केली. दहा-बारा दिवसांत चट्टा परत आला तो तळहाताएवढा. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. असे पाच महिने गेले आणि त्या पाच महिन्यांत मी सगळ्यांना सांगत होते की मला चांगलं औषध सापडलंय. यजमानांना करगोट्याखाली चट्टे उठले, त्यांना ट्यूब दिली. मुलीनं एके दिवशी मान खाली घालून सांगितलं, "आई, मला पण झालंय." पावसात जीन्स नीट वाळत नव्हत्या, ती तशाच दमट घालून क्लासला जायची, टॉवेल आमचा तिघांचा एकच. मी जागा बघितलीसुद्धा नाही. ती लाजत होती, मलाही संकोच वाटला. ट्यूब हातात दिली आणि म्हटलं, लाव, मला गुण आलाय.

सासूबाईंनी टाकळ्याचा पाला वाटून लावायला सांगितलं होतं. टाकळ्याचं संस्कृत नाव चक्रमर्द, म्हणजे चट्ट्याचं चक्र मोडणारा. त्यामुळे त्यांचं म्हणणं काही हवेतलं नव्हतं, पण आमचा आजार तेवढ्यावर भागण्यापलीकडे गेला होता. यजमानांनी कुणाचं तरी ऐकून लसूण चोळला आणि कातडी भाजून घेतली. लसूण कधीही चोळू नका.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो ते मुलीच्या चिरा दिसल्यावर. त्यांनी आधी विचारलं, "काय लावत होतात?" मी पर्समधून ट्यूब काढली. त्यांनी बारीक अक्षरातली नावं मोठ्यानं वाचली: बुरशीवरचं एक औषध, जंतूंवरचं एक, आणि क्लोबेटासॉल. हे तिसरं म्हणजे स्टिरॉइड, लावायच्या स्टिरॉइडमधलं सर्वांत कडक गटातलं.

मग त्यांनी समजावलं ते मी आजवर कितीजणींना सांगितलं असेल. गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते. केस, नखं आणि तो थर ज्या केराटिनचे बनतात, ते तिचं अन्न. ती बाहेरच्या बाजूला सरकत जाते, म्हणून चट्टा गोल वाढत जातो. तांबडेपणा आणि खाज ही आपल्या शरीरानं तिच्याशी चालवलेली लढाई असते. स्टिरॉइड ती लढाई थांबवतं. खाज गेली, आपण खूश. बुरशी मात्र बिनविरोध पसरत असते. गोल कड पुसट होते, चट्ट्यात चट्टे उठतात, आणि पुढे डॉक्टरलाही ओळखणं अवघड होतं. शिवाय कातडी पातळ होते. जांघ, काख, स्तनांखालची जागा अशा ठिकाणी ती आधीच नाजूक, औषध जास्त शोषणारी. वाढत्या वयाच्या मुलीच्या जांघेत महिनोन्महिने क्लोबेटासॉल लावल्यावर दुसरं काय होणार?

त्यांनी माझ्या चट्ट्याची कड बोथट पात्यानं खरवडली, तो कोंडा काचपट्टीवर घेऊन वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकातून मला बघू दिलं. कातडीच्या विरघळत्या पेशींमधून फाटे फुटलेले लांब धागे गेलेले. पाच महिने मी यांना पोसलं, हे तिथं उभ्या उभ्या कळलं.

हे माझ्या एकटीच्या घरचं नाही. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्ण चिवट झालं आहे. त्यातल्या एका बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं, भारत आणि नेपाळच्या रुग्णांमधून मिळालेल्या नमुन्यांवरून. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. ती पसरण्यामागं आमच्यासारख्यांच्या अर्धवट ट्यूबांचाही हात आहे, असं तज्ज्ञ मानतात. 2018 मध्ये सरकारनं लावायची अनेक स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केले. मला ट्यूब मिळाली ती त्यानंतर, चिठ्ठीशिवायच.

म्हणून ट्यूब हातात घेतली की मागची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर गजकर्णावर लावू नका, दुकानदार काहीही म्हणो. ही औषधं वाईट नाहीत, दुसऱ्या आजारांत लागतात. पण स्टिरॉइडनं शरीराची राखण सैल पडते आणि बुरशी आत शिरते, हे महाराष्ट्रानं 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसच्या रूपानं भोगलं आहे. तिथं आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टिरॉइड एकत्र आले होते. ती बुरशी वेगळी, आमची वेगळी. आमच्यानं जीव जात नाही, इतकाच काय तो दिलासा.

गोळ्या सुरू झाल्या. मला बुरशी या शब्दाचीच किळस बसली होती. पावाला हिरवा ठिपका दिसला की अख्खी लादी फेकायची. मामा तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांची सारी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये गेली. 1954 मध्ये स्थापन झालेला सरकारी कारखाना, देशाला पेनिसिलिन देणारा. मामा म्हणाले, "अगं, आम्ही टाक्याच्या टाक्या बुरशीच वाढवत होतो. तिच्यावर आमचं घर चाललं." तिथल्याच संशोधकांनी पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं, हेही त्यांनी सांगितलं.

आणि गजकर्णावरची पहिली पोटात घ्यायची गोळी, ग्रिसिओफुल्विन, ती तर पेनिसिलियम जातीच्याच एका बुरशीतून आली. 1939 मध्ये पदार्थ वेगळा केला गेला, पण गजकर्ण त्यानं बरं होतं हे गिनी पिगवर दिसायला 1958 उजाडलं. त्याचं काम कसं चालतं ते कळल्यावर माझा धीर टिकला. ते नव्यानं तयार होणाऱ्या कातडीत, केसांत, नखांत जाऊन बसतं. तिथं बुरशीला वाढता येत नाही. जुना थर झडत जातो, त्याबरोबर बुरशी जाते. म्हणजे कातडी नवी व्हायला लागेल तेवढा वेळ लागणारच. आम्हाला दिलेली इट्राकोनॅझोल कॅप्सूल वेगळी, पण तीही याच वाटेनं कातडीत पोचते.

मला नऊ आठवडे लागले, मुलीला अकरा. यजमानांना गुण येईना; मग कळलं की ते कॅप्सूलबरोबर ॲसिडिटीची गोळी घेत होते. ही कॅप्सूल अंगी लागायला पोटात आम्ल लागतं, म्हणून ती भरपेट जेवणानंतर घ्यायची. घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा, यकृताचा त्रास असेल तर आधी सांगा. साधं बुरशीचं मलम चट्ट्याच्या कडेपुढे बोटभर लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावत राहायचं. घरातल्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी. यजमानांनी करगोटा काढला. सासूबाईंना ते रुचलं नाही, पण ओला दोरा कमरेला बांधून हा रोग जात नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात, आणि पावसाळ्यात शिवणींवर इस्त्री फिरवून. मी आता दुपारी परकर बदलते.

गेल्या श्रावणात केंद्रावर मदतीला येणाऱ्या मुलीनं दंड उघडा करून दाखवला. "काकू, तुम्ही कुठली ट्यूब लावली होती?" मी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि तिला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. माझी लेक कॉलेजातून येत होती, तीही वाटेत आमच्याबरोबर वळली. आत तपासणी चालू असताना लेक बाहेर बाकावर बसून त्या मुलीच्या आईला फोनवर सांगत होती, "मावशी, घरात कुणाकडे ट्यूब असेल तर आधी तिच्या मागचं वाचून दाखवा मला."