जिल्हा परिषदेच्या दोन शाळा : निवड कशी करावी?

प्रश्न : गावात एक आणि शेजारच्या वाडीवर एक अशा जिल्हा परिषदेच्या दोन प्राथमिक शाळा आहेत. मुलीला पहिलीत कुठे घालावे?

उत्तर : दोन्हीकडे अभ्यासक्रम, बालभारतीची पुस्तके आणि पोषण आहार सारखाच असतो, खरा फरक पडतो तो शिक्षकांमुळे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३ असे प्रमाण आहे. म्हणजे लहान शाळेत दोन गुरुजी चार-पाच वर्ग सांभाळतात. तेवढ्यावरून ती शाळा वाईट ठरत नाही. पट कमी असला की एकेका मुलाकडे लक्ष देता येते. पद रिक्त असेल तर मात्र सगळेच कोलमडते. पट आणि शिक्षकसंख्या यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर पाहता येते.

रंगवलेल्या भिंतींवर भाळू नये. तिसरीतल्या दोन-तीन मुलांना न शिकवलेला उतारा वाचायला द्यावा, ५२ मधून २७ वजा करायला सांगावे. उत्तर ३५ आले, तर हातच्याची वजाबाकी कच्ची राहिली आहे. स्वच्छतागृह आहे का, एवढेच विचारून भागत नाही. पाणी येते का, आतून कडी लागते का, हेही बघावे. वाटेत ओढा असेल तर पावसाळ्याचा विचार आधी.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. प्रवेशाआधी त्यांच्यापैकी कोणाशी तरी बोलावेच.