आधी विचारा, बाळाला शी झाली का?

बाळ जन्माला आले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न असतो, मुलगा की मुलगी? आम्ही म्हणतो, आधी विचारा, बाळाला शी झाली का?

पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिली काळपट-हिरवी, चिकट शी बहुधा २४ तासांत होते. ती झाली नाही, पोट फुगले किंवा उलटी हिरवी झाली, तर गुटी, एरंडेल देऊ नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. काही बाळांत शीची जागाच तयार झालेली नसते. काहींत जागा असते, पण आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसतात, म्हणून शी पुढे सरकत नाही. त्याला हर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात. हे दोष प्रत्येकी साधारण ५,००० बाळांत एकाला असतात. दोन्हींवर शस्त्रक्रिया आहे. काही बाळांना आधी पोटावर शीसाठी वाट करून देतात आणि ती पुढे बंद करतात. ते पाहून घाबरू नका.

डोके झपाट्याने वाढणे, टाळू फुगणे, नजर सतत खाली वळणे ही मेंदूत पाणी साठल्याची लक्षणे आहेत. ते पाणी बारीक नळीने पोटात सोडता येते. पाठीवर फुगा असेल तर तो दाबू नका. स्वच्छ, ओल्या कापडाने झाका आणि बाळाला पालथे किंवा कुशीवर न्या.

शीव कोळीवाड्याला लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ आहे. परळला वाडिया बाल रुग्णालय आहे. गाडीसाठी १०८ फिरवा.

‘ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले’ असे सुनेला ऐकवू नका. मेंदू आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. तेव्हा दिवस गेल्याचे अनेकींना कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असेल तर किमान महिनाभर आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घ्यावी. आधीच्या बाळाला असा दोष असेल, तर डॉक्टर जास्त मात्रा देतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात अशा मातांमध्ये दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. गोळीने सगळेच दोष टळत नाहीत, म्हणून गरोदरपणी सोनोग्राफीही चुकवू नये.

येत्या पौर्णिमेला विहारात जमू, तेव्हा नव्याने लग्न झालेल्या मुलींना आणि त्यांच्या सासवांनाही हे सांगू या. दोष आईचा नसतो. उशीर मात्र आपला असू शकतो.