कळ घरी सोसा, घाम सोसू नका

पोरींनो, मे महिन्यात मुलांना घेऊन गावी येता आणि भिंतीवर कोळी दिसला की किंचाळता. तीच मुलं जांभ्याच्या गडग्यावर अनवाणी उड्या मारत असतात, तिकडे मात्र तुमचं लक्ष नसतं. उलटं करा.

आधी कोळ्याचं सांगते. पडवीच्या भिंतीला पंजाएवढा चपटा कोळी बसलेला असतो, तो झुरळं खातो. त्याला राहू द्या. चावलाच, तर साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा आणि विसरून जा. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर लाल, भाजल्यासारखा पट्टा दिसतो आणि लोक म्हणतात, कोळी मुतला. बहुतेक वेळा कोळ्याचा त्यात काही संबंध नसतो. ट्यूबलाइटवर एक काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट किडा येतो. झोपेत तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते. दिसला तर हाताने चिरडू नका, फुंकर मारून उडवा, जागा लगेच साबणाने धुवा. कोळ्याच्या चाव्यानंतर सूज चढतच गेली, कातडी काळी पडायला लागली किंवा ताप आणि पोटात-पाठीत पेटके आले, तर मात्र दवाखाना गाठायचा. हळद-चंदन लावून वाट पाहत बसायचं नाही.

आता गडग्यातला विंचू. आपल्या रायगड-रत्नागिरीत खरी भीती याची. काळी इंगळी दांडगी दिसते, नांग्याही जाडजूड, पण ती त्या मानाने सौम्य. जिवाला धोका असतो तो बोटभर लांबीच्या लालसर विंचवाचा. त्याच्या नांग्या बारीक आणि शेपटी जाड. तरीही कुठला चावला हे बघायला कंदील घेऊन शोधत बसू नका, त्यात वेळ जातो.

चावल्याबरोबर काय करायचं? जागा साबण-पाण्याने धुवा. बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या सूज यायच्या आत काढा. फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवा, वेदनेची साधी पॅरासिटॅमॉल चालते. घड्याळात किती वाजले ते बघून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. वर दोरी आवळायची नाही, ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. आघाड्याचं मूळ, कांद्याचा रस, चुना, तापवलेली तुरटी हे सगळं आमच्या घरातही झालं आहे, आणि माणसं बरीही झाली. झाली, कारण बहुतेक दंशांत नुसती कळ असते आणि ती दिवसभरात आपोआप उतरते. मांत्रिकाचं नाव होतं तेही याच दंशांवर. त्याने मंत्र म्हणायला माझी हरकत नाही. तो जीपमध्ये बसून म्हणावा आणि जीप दवाखान्याकडे चाललेली असावी.

लक्ष ठेवायचं ते इथे. मुलाला जवळ घ्या, कपाळावरून हात फिरवा. कळीने मोठं पोर रडत असेल, हात झटकत असेल, पण अंग कोरडं आणि उबदार असेल, तर थोडा धीर धरता येतो. हात ओला झाला, सदरा घामाने चिकटला, तळवे गार लागले, उलटी झाली, तोंडातून लाळ गळायला लागली, तर विष अंगात पसरलं असं समजा. मुलगा असेल तर लिंग ताठ होतं. लाजून ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा, ती मोठी खूण आहे. पुढे छाती धडधडते, धाप लागते, खोकल्यातून फेस येतो, म्हणजे फुप्फुसात पाणी भरलेलं असतं. आणि दंशाची कळ कमी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, कळ आणि विषाचा जोर यांचा मेळ बसेलच असं नाही. लहान पोर असेल तर खुणांची वाटच बघायची नाही, सरळ निघायचं.

या खुणा नीट मांडल्या त्या आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. 1976 मध्ये ते बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विष अंगात भिनलेल्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत. त्यांनी रात्र-रात्र खाटेशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब टिपून ठेवला, 1982 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं. विषामुळे शरीरात एकदम रसायनांचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्या वाहिन्या सैल करते. तिच्यामुळे मृत्यू शेकड्याला एकाच्या आसपास आले. 2011 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की गोळीबरोबर प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तोवर कोकणातली कितीतरी पोरं मोठी होऊन बाप झाली होती.

गोळीचं नाव कळलं म्हणून ती घरात आणून ठेवू नका. तिने रक्तदाब एकदम खाली येतो, रुग्णाला आडवं ठेवून, मोजत-मोजतच ती द्यावी लागते.

बाकी काळजी साधी. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. चपला-बूट झटकून घालायचे, दोरीवरचा फ्रॉकही झटकायचा. चुलीजवळचा लाकूडफाटा आणि गोवऱ्या काढताना आधी काठीने हलवायच्या. अंथरूण भिंतीला टेकवून घालायचं नाही. शेजारची लीला तर मच्छरदाणी गादीखाली खोचल्याशिवाय झोपत नाही. लोक हसतात तिला, मी हसत नाही.

आणि या वेळी येताच पहिल्या दिवशी एक काम करा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असतात का, विंचवाचं औषध आहे का, नसेल तर ग्रामीण रुग्णालय किती लांब, हे विचारून या. 108 ची रुग्णवाहिका फुकट येते, तो आकडा मुलांनाही पाठ करून द्या.