इंधन-घट आणि घरगुती वीज

'पाण्यापासून घरच्या घरी वीज मिळते' असे विद्यार्थी कोठून तरी ऐकून येतात व गुरुजींस विचारतात. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून मागे उरलेली ती जणू राख होय, हे प्रथम ठसवावे.

विल्यम ग्रोव्ह हा वेल्समधील गृहस्थ व्यवसायाने वकील, पुढे न्यायाधीश झाला. प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग घडविल्यास ज्योतीवाचून वीज मिळते, असे त्यास १८३९ च्या सुमारास आढळले. हाच इंधन-घट. साध्या घटातील रसायने संपली की तो निकामी होतो. इंधन-घटास मात्र चुलीप्रमाणे सतत इंधन पुरवावे लागते. अपोलो चांद्रयानांत अशाच घटांनी वीज दिली आणि अंतराळवीरांस पिण्याचे पाणीही पुरविले.

घरगुती वापराचे ठळक उदाहरण जपानचे. 'एने-फार्म' ही यंत्रे तेथे २००९ पासून विकली जातात. कपाटाएवढे यंत्र सुमारे पाऊण किलोवॅट वीज देते व त्यातील उष्णतेवर स्नानाचे पाणी तापते. जपानी कुटुंबात रात्री गरम पाण्याच्या टाकीत बसून स्नान करण्याची चाल आहे, म्हणून ती उष्णता वाया जात नाही. यंत्राच्या उपयुक्ततेचे अर्धे मर्म येथेच आहे. मात्र हायड्रोजन काढला जातो तो नळाने वा टाकीतून येणाऱ्या ज्वलनवायूतून, आणि तो काढताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. आरंभी यंत्राची किंमत तीस लाख येनहून अधिक असे व सरकार मोठे अनुदान देई. २०३० पर्यंत ५३ लाख यंत्रांचे उद्दिष्ट ठरले होते. २०२३ पर्यंत ती पाच लाखांच्या आसपासच बसली.

वर्गातील प्रयोगास काचेचा पेला, धुण्याचा सोडा, दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली, नऊ व्होल्टची बॅटरी व व्होल्टमापक पुरे. (मीठ घेऊ नये, क्लोरीन निघतो, घरातील विजेची तार तर मुळीच जोडू नये.) सोड्याच्या पाण्यात पेन्सिली एकमेकींस न टेकविता उभ्या कराव्यात व काही मिनिटे बॅटरी जोडावी. शिशांवर बुडबुडे जमतात. बॅटरी काढून व्होल्टमापक लावल्यास काटा सरकतो व हळूहळू खाली येतो. मुले हमखास म्हणतील, वीज पाण्याने दिली. तेव्हा विचारावे: बॅटरी जोडलीच नसती तर? मग नव्या पेल्यात, नव्या पेन्सिली घेऊन तेही करून दाखवावे.