गर्भपातानंतरची पाळी

मागच्या महिन्यात दोन मुलांची एक आई सासूबाईंबरोबर दवाखान्यात आली. मळमळ, थकवा, जेवण जात नाही. “पित्त झालंय डॉक्टर, गोळ्या द्या,” सासूबाईंनी निदानही करून टाकले. सिस्टरने त्यांना बी.पी. तपासायला बाहेर नेले, तेव्हा सूनबाई हळूच बोलल्या. अडीच महिन्यांपूर्वी त्यांनी गर्भपात करून घेतला होता, आणि त्यानंतर पाळी आलीच नव्हती. “पिशवी साफ केल्यावर पाळी उशिराच येते, असं जाऊबाई म्हणाल्या, म्हणून थांबले.” लघवीची तपासणी केली, सोनोग्राफी करवली. नऊ आठवड्यांचे दिवस गेलेले होते.

चूक त्यांची एकट्यांची नाही. त्यांना घरी पाठवताना कुणी नीट सांगितलेच नव्हते.

बीजकोशातून बीज सुटते ते पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. म्हणजे बीज आधी, पाळी नंतर. गर्भपातानंतर दोन-तीन आठवड्यांत, कधी आठ-दहा दिवसांतही, बीज सुटू शकते. तेव्हा संबंध आला तर पाळीचे तोंडही न पाहता पुन्हा दिवस राहतात. ‘एक पाळी येऊ दे, मग साधनाचे बघू’ हा हिशेबच उलटा आहे. गर्भनिरोधक गोळ्या त्याच दिवसापासून सुरू करता येतात. पिशवी साफ करतानाच, जंतुसंसर्ग नसेल तर, तांबी बसवता येते. गोळ्यांनी गर्भपात केला असेल तर तो पूर्ण झाल्याची खात्री करून बसवतात.

गर्भपातानंतर एक-दोन आठवडे अंगावरून जाते, गोळ्या घेतल्या असतील तर थोडे जास्त दिवस. ही पाळी नव्हे. खरी पाळी चार ते आठ आठवड्यांत येते. पहिल्या एक-दोन पाळ्या जास्त जातात, गाठी पडतात किंवा नुसते डागच दिसतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण आठ आठवडे उलटूनही पाळी आली नाही तर थांबू नका. बहुधा दिवस गेलेले असतात. क्वचित पिशवी खरवडल्यावर आतले अस्तर चिकटून बसते. लघवीची तपासणी गर्भपातानंतर तीन-चार आठवडे खोटी ‘आहे’ दाखवू शकते, म्हणून घरच्या घरी निष्कर्ष काढू नयेत.

तासाला दोन मोठे पॅड याप्रमाणे सलग दोन तास भिजत असतील, ताप असेल, घाण वासाचे पाणी जात असेल किंवा पोटात कळा वाढत असतील, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांनी तर विशेष जपावे. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटून जिवावर बेतते.

घरच्यांना कळेल या भीतीने बायका डॉक्टरांपासूनही लपवतात. १९७१च्या कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवणे आमच्यावर बंधनकारक आहे. सासूबाई आत आल्यावर मी एवढेच म्हणालो, “रक्त कमी दिसतंय, तपासावं लागेल.” ते खोटे नव्हते. हिमोग्लोबिन साडेआठ निघाले.